भाज्यांचं सूप, आणि चीज सगळ्यात शेवटी

घरी केलेलं व्हेज चीज सूप बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. पातेलं रटरट उकळत असतं आणि त्यातच चीज पडतं. मग वर तुपकट तवंग, डावाला चिकटलेला चिवट गोळा आणि खाली पांढरट पाणी. खापर फुटतं चीजवर नाहीतर दुधावर. खरं तर दोन्ही चांगली असतात, फक्त घालायची वेळ चुकलेली असते. म्हणून कृतीकडे वळण्याआधीच सांगते. हे सूप भाज्यांचं आहे. भाज्या शिजल्या, दाटपणा आला, मिरपूड पडली, गॅस बंद झाला, की मगच चीज.

कोरेगाव भीमासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना हे सूप करायला काही दुरून आणावं लागत नाही. आमच्या आजूबाजूला भीमेच्या पाण्यावरची शेती आहे, दारात दूध येतं, आणि नगर रोडवरच्या साध्या किराणा दुकानाच्या फ्रिजमध्येही आता चीजचे क्यूब आणि स्लाइस असतात. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांमुळे इथे बाहेरगावची कुटुंबं आली, मुलांच्या डब्यात सँडविच आलं आणि त्यामागून चीजही आलं. आपल्याच जिल्ह्यात मंचरला पराग मिल्क फूड्सचा कारखाना आहे. १९९२ साली सुरू झालेली ही कंपनी ‘गो’ नावाने चीज विकते. आंबेगाव तालुक्यातलंच सातगाव पठार बटाट्यासाठी नावाजलेलं. फ्लॉवर, गाजर, मटार ही तर थंडीतली आपली रोजची भाजी. तेव्हा हॉटेलच्या मेन्यूकार्डावर हे सूप कितीही परकं वाटलं, तरी पातेल्यातलं जवळजवळ सगळं पुणे जिल्ह्यातलंच असू शकतं.

आधी चीज कोणतं घ्यायचं ते पाहू, कारण अर्धा निकाल दुकानातच लागतो. सूपसाठी साधं प्रोसेस्ड चीज सगळ्यात सोपं, क्यूब असो वा वडी. २०० ग्रॅमच्या पाकिटात आठ क्यूब येतात, म्हणजे एक क्यूब २५ ग्रॅमचा. मोजायला वेगळा काटा लागत नाही. मोझरेला घेऊ नका. त्याला तार सुटते, म्हणून ते पिझ्झ्यावर शोभतं. सूपमध्ये तीच तार चमच्याला लोंबते आणि भाज्यांना कवटाळून गोळा होते. पनीर तर वितळतच नाही. दुधात आंबट घालून, ते फाडून पनीर होतं. कितीही तापवलं तरी त्याचा तुकडा तुकडाच राहतो. पनीरचे बारीक तुकडे सूपमध्ये छान लागतात, पण त्यांच्याकडून दाटपणाची अपेक्षा ठेवू नये.

पाकीट उलटून घटक वाचायची सवय लावा. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच चीज किंवा दुधाचे घन पदार्थ असले पाहिजेत. तिथे खाद्य वनस्पती तेल दिसलं आणि कुठेतरी ‘अ‍ॅनालॉग’ असा शब्द असला, तर ते चीज नव्हे, चीजसारखा पदार्थ आहे. तो विकायला बंदी नाही, पण तसं पाकिटावर लिहिणं बंधनकारक आहे. सुट्ट्या वड्या खूपच स्वस्त मिळत असतील तर हे आवर्जून विचारा. माळकरी घरांत आणखी एक शंका असते, चीज शाकाहारी असतं का? पूर्वी परदेशात चीजसाठी दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरत, आजही काही चीजमध्ये वापरतात. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यातलं रेनेट प्राणिज नाही, निर्धास्त घ्या. आणि चीज जितकं पिवळं तितकं चांगलं, हा समज मात्र सोडून द्या. प्रोसेस्ड चीजचा तो पिवळेपणा बहुधा शेंद्रीच्या बियांच्या रंगाचा असतो.

प्रोसेस्ड चीज सूपमध्ये सहज मिसळतं, त्यामागे कारण आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन चीजमध्ये कॅल्शियमच्या आधाराने जाळं धरून बसलेलं असतं, आणि त्या जाळ्यात स्निग्धांश आणि पाणी अडकलेलं असतं. चेडर, गौडा असं नैसर्गिक चीज जास्त तापलं की जाळं आक्रसतं आणि आतलं तूप बाहेर पिळून निघतं. वरचा तवंग आणि खालचा चिवट गोळा, दोन्हींचा उगम हाच. १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी चीज वितळवताना त्यात सोडियम सायट्रेट घातलं. हे क्षार कॅल्शियमला धरून ठेवतात, जाळं सैल होतं आणि तूप-पाणी एकजीव राहतं. आजच्या पाकिटावर इमल्सिफायर म्हणून ३३१ हा आकडा दिसला, तर तो हाच सोडियम सायट्रेट. म्हणून आपलं क्यूबचं चीज बरंचसं सांभाळून घेतं. पण उकळत्या पातेल्यात तेही चिवट आणि रवाळ होतं, हे विसरू नका.

आता भाज्या. चौघांसाठी निवडलेली, चिरलेली भाजी मिळून अर्धा किलो पुरे. मी साधारण दोन मध्यम गाजरं, एक बटाटा, फ्लॉवरचे वाटीभर तुरे, वाटीभर सोललेला मटार असं घेते, आणि मूठभर कांद्याची पात वेगळी ठेवते. बटाटा वगळू नका. तो चवीला मागे राहतो, पण सूपला अंग तोच देतो. गाजर-बटाट्याचे तुकडे मटारच्या दाण्याएवढे हवेत. चमच्यात दोन-तीन भाज्या एकत्र याव्यात आणि सगळं एकाच वेळी शिजावं, म्हणून हा आकार. ब्रोकोली मिळाली तर फ्लॉवरऐवजी घ्या, मात्र ती शेवटच्या चार-पाच मिनिटांत घाला, नाहीतर हिरवा रंग जाऊन ती मेणचट दिसते. मक्याचे गोड दाणेही चालतात, पण मग गाजर कमी करा, नाहीतर सूप गोडसर होतं.

सालं-देठं टाकून देऊ नका. मटारच्या कोवळ्या शेंगा, गाजराची टोकं, कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याचा बाहेरचा जाड पापुद्रा हे सगळं धुऊन लिटरभर पाण्यात वीस मिनिटं मंद उकळा आणि गाळा. सूपच्या पुस्तकांतली सेलरी आपल्या बाजारात सहसा दिसत नाही, तिची उणीव कोथिंबिरीच्या काड्या बऱ्यापैकी भरून काढतात. फ्लॉवर-कोबीचे दांडे मात्र या पाण्यात घालू नका. ते फार वेळ उकळले की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि तो अख्ख्या सूपला लागतो. दांडे सोलून, बारीक चिरून थेट सूपमध्ये घाला, तिथे ते गोड लागतात.

पातेल्यात चमचाभर लोणी किंवा तूप घाला. त्यात एक बारीक चिरलेला कांदा आणि तीन-चार लसणाच्या पाकळ्या मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परता. कांदा मऊ आणि काचेसारखा व्हायला हवा, तांबूस नाही. आपला हात भाजीच्या फोडणीला सरावलेला असतो, कांदा लाल झाल्याशिवाय पुढे जावंसं वाटत नाही, पण इथे थांबायचं. लाल कांदा सूपचा रंगही बदलतो आणि दुधाची चवही झाकून टाकतो. गाजर, बटाटा, दांडे घालून दोन मिनिटं हलवा, मग गाळलेलं पाणी तीन कप, म्हणजे ७५० मिलीलिटर. झाकण ठेवून दहा मिनिटं शिजू द्या. मग फ्लॉवर आणि मटार, आणखी सहा-सात मिनिटं. बटाटा बोटाने दाबला की फुटला पाहिजे. आता रवी घ्या आणि पातेल्यात दोन-चारच फिरक्या मारा. थोडा बटाटा मोडून पाण्याशी मिळून येतो आणि बाकीच्या भाज्या शाबूत राहतात. मिक्सरपेक्षा हे बरं. गरम सूप मिक्सरमध्ये फिरवलं की वाफेने झाकण उडून भाजण्याचा धोका असतो, शिवाय सगळंच गुळगुळीत होऊन भाजी खाल्ल्याचं समाधान राहत नाही.

दाटपणाचा दुसरा आधार व्हाइट सॉस. तो वेगळ्या लहान कढईत करा. घरात एकच शेगडी असली तरी अडचण नाही, भाज्यांचं पातेलं झाकून खाली उतरवून ठेवा. दीड टेबलस्पून लोणी मंद आचेवर वितळू द्या. लोण्याचा फेस येतो, तडतड होते आणि मग आवाज मंदावतो. नेमक्या त्या वेळी दीड टेबलस्पून मैदा घाला आणि उलथन्याने तळ खरवडत राहा. आधी ओला गोळा दिसतो, मिनिटभराने तो सैल होतो, त्याला बारीक बुडबुडे येतात आणि कच्च्या पिठाचा वास जाऊन खमंग वास सुटतो. रंग बदलायच्या आत कोमट दूध घालायला लागा. आधी फक्त पळीभर. मैदा ते दूध एकदम पिऊन घेतो आणि घट्ट लगदा होतो. इथे घाबरून सगळं दूध ओतलं तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. लगदा गुळगुळीत होईपर्यंत घोटा, मग दुसरी पळी, पुन्हा घोटा. तिसऱ्या पळीनंतर बाकीचं दूध धारेने गेलं तरी चालतं. एकूण एक कप दूध, २५० मिलीलिटर. म्हशीचं दूध असेल तर त्यात थोडं पाणी मिसळा, सॉस फार जड होत नाही. कढीला बेसन लावतो ना, तेच काम इथे मैदा करतो. त्याच्या आधाराने दुधातलं प्रथिन आचेवर फाटत नाही, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

मैदा नको असेल तर ज्वारीचं पीठ घ्या, पण वस्त्रगाळ करून, आणि एक मिनिट जास्त भाजून. सूपला किंचित करडा रंग येतो, चव उत्तम लागते. कॉर्नफ्लोअरचा मात्र मला मोह नाही. त्याने सूप चकचकीत आणि खळीसारखं होतं, आणि थोड्या वेळाने पाणी सुटतं. लग्नाच्या पंगतीत वाडग्यातून चमच्याने उचलावं लागणारं सूप मिळतं ते कॉर्नफ्लोअरच्या जोरावर. घरी तसं करायचं काही कारण नाही.

व्हाइट सॉस भाज्यांत ओता, हलवा आणि मंद आचेवर एक हलकी उकळी येऊ द्या. पिठाचा दाटपणा उकळीशिवाय पूर्ण उतरत नाही. डावाची पाठ सूपमध्ये बुडवून वर काढा आणि तिच्यावर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर झालं, भरून आली तर आणखी दोन मिनिटं. अर्धा चमचा ताजी कुटलेली मिरी आणि जायफळाचा अगदी चिमूटभर कीस घाला. गरम मसाला, हळद, कढीपत्ता यांतलं काही नको. आपल्या मसाल्यांवर माझा जीव आहे, पण चीजची चव मवाळ असते आणि मसाल्यापुढे ती उरतच नाही.

आणि आता गॅस बंद. पातेलं उतरवून दोन-तीन मिनिटं थांबा. वाफ जोरात उसळायची थांबली आणि सूपचा पृष्ठभाग शांत दिसला, की किसलेलं चीज घालायचं. चौघांसाठी साडेतीन क्यूब, म्हणजे ९० ग्रॅमच्या आसपास. चीज फ्रिजमधून काढल्याबरोबर किसलं तर किसणीला चिकटत नाही. सगळं एकदम टाकू नका, तीन वेळा घाला आणि प्रत्येक मूठ विरघळल्याशिवाय पुढची टाकू नका. सूपचा रंग पांढऱ्याचा हलका पिवळसर होतो, डाव फिरवताना हाताला किंचित जडपणा जाणवतो. घरात चेडर असेल आणि तेच वापरायचं असेल, तर किसाला चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून घ्या. एवढ्यापुरता तो उपयोगी आहे, किसाचे धागे एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत.

मीठ यानंतर. चीजमध्ये मीठ असतं, पाकिटातल्या लोण्यातही असतं, आणि ते इमल्सिफायरचे क्षारही सोडियमचेच. आधी मीठ घालून ठेवलं तर चीज पडल्यावर सूप खारट होणारच. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलं आहे. ज्येष्ठांना रक्तदाबाचा त्रास असेल तर त्यांचं वाडगं चीज घालण्याआधी बाजूला काढा आणि त्यात चीज अगदी थोडंच घाला. बटाटा-मटारामुळे ते तसंही रुचकर लागतं. ज्यांना पथ्य नाही, त्यांच्यासाठी चीजचा फायदाही आहे. १०० ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात आणि कॅल्शियमही भरपूर. दात नसलेल्या माणसाला आणि भाजी पाहून तोंड फिरवणाऱ्या मुलाला एकाच पातेल्यातून जेवू घालता येतं.

टोमॅटोबद्दल नेहमी विचारणा होते. टोमॅटो आंबट असतो आणि आंबट अधिक उष्णता म्हणजे दूध फाटणार. हौस असेल तर एखादाच टोमॅटो कांद्याबरोबर पूर्ण शिजवून आटवा, आणि व्हाइट सॉस मिसळल्यावर उकळी मंद ठेवा. लिंबू तर पातेल्यात नकोच. चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर लाल भोपळा आणि किसलेलं आलं घ्या. भोपळ्याने गोडवा आणि दाटपणा दोन्ही येतो, मैदा निम्मा पुरतो.

हे सगळं तोंडपाठ करण्यापेक्षा एकदा चीजचा एक तुकडा उकळत्या पाण्यात आणि दुसरा उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून बघा. आमच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेला हा माणूस हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून खेड्यात आला, आणि मुलांनी हाताने काम करत शिकावं म्हणून आयुष्यभर झटला. स्वयंपाकघराला ते शिकवणं जितकं लागू पडतं तितकं क्वचितच दुसरीकडे पडत असेल. दोन वाट्यांतला फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की चीज कधी घालायचं हे पुन्हा कुणाला सांगावं लागत नाही.

कारखान्यात दुसरी पाळी करणारं माणूस घरात असेल, तर रात्री उशिरा ताजं सूप करत बसू नका. संध्याकाळी भाज्या आणि व्हाइट सॉस एकत्र करून ठेवा आणि निवल्यावर पातेलं फ्रिजमध्ये सरकवा. माणूस दारात आलं की त्याच्यापुरतं सूप गरम करा, उतरवा, वर एक क्यूब किसा.

हीच युक्ती मोठ्या पातेल्याला लावायची. १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला राज्यभरातून लाखो लोक येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी इथे आले होते, त्यानंतर ही प्रथा वाढत गेली. त्या दिवसांत आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पाहुणे उतरतात, पहाटे कडाक्याची थंडी असते, आणि गरम काहीतरी हातात द्यावंसं वाटतं. नगर रोडवरची वाहतूक वळवलेली असते, म्हणून दूध, भाजी, चीज ३१ डिसेंबरच्या आत घरात आणून ठेवा. चोवीस-पंचवीस माणसांना तीन किलो भाजी, दीड लिटर दूध आणि साधारण ५४० ग्रॅम चीज लागतं. हिशोबाने पाणी साडेचार लिटर होतं, पण चारच घाला. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं. मैदा नऊ टेबलस्पून, लोणीही तेवढंच, आणि व्हाइट सॉस दोन घाण्यांत करा, एकदम केला तर हात पुरत नाही. सगळं चीज मोठ्या पातेल्यात घालायचं मात्र नाही. पाहुणे येतील तसं ते पातेलं पुन्हा पुन्हा तापवावं लागणार, आणि प्रत्येक वेळी चीज थोडं फुटणार. बिनचीजचं सूप मंद आचेवर ठेवा, लागेल तसं लहान पातेल्यात काढा, गॅसपासून दूर घेऊन त्यात चीज घाला आणि लगेच वाढा. शेवटचा पाहुणाही पहिल्यासारखंच सूप पितो.

सोबत पाव हवाच असं नाही. शिरूर तालुका बाजरीचा. तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी आचेवर पुन्हा कडक करा, तिचे तुकडे सूपमध्ये बुडवा. बाजरीचा किंचित कडवटपणा आणि चीजचा खारेपणा एकमेकांना छान धरतात. वरून कांद्याची पात. ठेचा वेगळ्या वाटीत द्या, ज्याला हवा तो घेईल.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, थंडीचे दिवस असले तरी. दुधाचा पदार्थ आहे. दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, बटाटा रवाळ होतो आणि दुधाला पाणी सुटतं. रात्रीतून ते घट्ट होतं, म्हणून आधी अर्धा कप गरम दूध घालून सैल करा, मग मंद आचेवर सतत हलवत फक्त वाफ येईपर्यंत तापवा. उकळी नाही. फारच घट्ट झालं असेल तर दूध घालूच नका. उकडलेल्या मॅकरोनीत ते तसंच मिसळा, मुलांच्या डब्याची सोय होते.